आंघोळ घातलेला ट्रॅक्टर

बाबा, आमच्या सोसायटीत यंदा हिरवळीसाठी बॅटरीवर चालणारा छोटा ट्रॅक्टर आला आहे. सकाळी गॅलरीत चहा घेताना मी माळ्याकडे बघत असते. पाला गोळा करायचा ब्रश तो मागे जोडतो आणि तसाच निघतो. जोडल्यावर एकदा हिसका देऊन बघावं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मी वरून चडफडते. हा स्वभाव तुमचाच.

फरिदाबादचा ट्रॅक्टरचा कारखाना बंद पडल्यावर तुम्ही बरेच महिने घरी बसून होता, आणि घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मग गुडगावातल्या त्या नव्या कोऱ्या सोसायटीत बागेची देखभाल मिळाली. चारी बाजूंना धूळ आणि अर्धवट इमारती, मधे ती हिरवळ, आणि तिच्यासाठी बिल्डरने परदेशातून मागवलेला विजेचा ट्रॅक्टर. रविवारी तुम्ही मला मुद्दाम घेऊन जायचा. आधी चावी काढून खिशात, मग खाली वाकून गवत कापायचं पातं सोडवायचं, मागे खिळ्यांचा रोलर लावायचा, पिन घालायची, हिसका द्यायचा. "मुळांना हवा लागते गं," म्हणत तुम्ही सावकाश फेऱ्या मारताय आणि मागे गवतात बारीक भोकांच्या रांगा उमटताहेत. आवाज जवळजवळ नाहीच. इतके खूश तुम्ही कारखान्यातही नव्हता, असं आई म्हणायची.

मग दसरा आला. खंडेनवमीला अवजारं धुऊनपुसून पूजेला मांडायची, ही आपली रीत. कारखान्यात तुम्ही डिझेलचे ट्रॅक्टर पाइप लावून धुवायचा, तसाच हाही धुतलात, सीट उचलून, अगदी आतपर्यंत, मायेने. दुसऱ्या दिवशी सकाळी पातं, ब्रश, रोलर, ट्रॉली ओळीने मांडली, सगळ्यांना हळदकुंकू, ट्रॅक्टरला झेंडूची माळ. सोसायटीतले लोक कौतुकाने जमले होते, मीही तुमच्या शेजारी उभी होते. सेक्रेटरींनी चावी फिरवली. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली.

"अंकल, पानी डाला था क्या?"

"नहलाया था साब. पूजा थी ना."

"यार, बैटरी की मशीन को कौन नहलाता है!"

सगळे हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. तुम्ही हात जोडून म्हणालात, "गलती हो गई."

नोकरी गेली नाही. ट्रॅक्टर दुरुस्तीला गेला तो परत आलाच नाही, आणि तुम्ही हाताने ढकलायच्या मशीनने गवत कापत राहिलात. मला मात्र पुन्हा कधी नेलं नाहीत. पुढच्या दसऱ्याला तुमची पान्यांची पेटीही देवापुढे आली नाही. त्याच्या पुढचा दसरा तुम्ही पाहिला नाहीत.

परवा कणीक मळता मळता आई सहज बोलून गेली. "त्यांना फार लागलं होतं ते. लोक हसले त्याचं नाही गं. म्हणायचे, पोरीने तोंड फिरवलं, तिला माझी लाज वाटली." हे तुम्ही शेवटपर्यंत मनात घेऊन फिरलात आणि मला एकदा विचारलं नाहीत, याचा मला संताप येतो. तो आता कुणावर काढू?

पाठवायला पत्ता नाही, तरी लिहून ठेवते. तोंड फिरवलं होतं, हे खरं आहे. मला रडू फुटलं होतं बाबा, आणि त्या लोकांसमोर ते तुम्हाला दिसायला नको होतं.