आवाजाची जाहिरात

४ ऑगस्ट
ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

खोली मिळाली. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. इव्हेंट मॅनेजमेंटचा वर्गही सुरू झाला. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर पोरं मलाच बाई समजून उभी राहिली. मग खऱ्या बाई आल्या आणि मी मुकाट्याने मागच्या बाकावर जाऊन बसले. हसलास ना?

तू म्हणायचास, यात शिकायचं काय, चार खुर्च्या मांडल्या, माईक लावला, झालं. तसं नाही रे. कोण कधी कुठे उभं राहील ते आधी कागदावर आखावं लागतं, आणि मुख्य म्हणजे लोकांनी आपलं घर सोडून का यावं, ते त्यांना पटवावं लागतं. परीक्षेसाठी प्रत्येकाने स्वतः एक कार्यक्रम करायचा आहे. निम्मा हॉल भरला नाही तर नापास. मी खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना गोष्ट वाचायची गळ घातलीय. आपल्या दुकानात तू शिवायला बसलास की रेडिओवर गोष्टी वाचायचे ना, तेच हे निवेदक! एकटेच असतात. मुलगा कधीतरी डोकावतो.

दिवसभर माणसं जमवायला शिकते आणि खोलीवर आले की बोलायला कुणी नसतं. आमचे हे गेल्यापासून भावाकडे, तुझ्याच घरी राहिले, त्यामुळे बाहेरून येऊन स्वतःच कुलूप उघडायची सवय नाही. होईल.

रागावून का होईना, पण लिही.
तुझी,
भिंगरी

१९ ऑगस्ट
चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मागाहून पाठवलेलं कार्यक्रमाचं पोस्टरही पाहिलं. त्यावर त्या गृहस्थांचा एवढा मोठा फोटो कशाला छापलास? त्यांना कुणी कधी पाहिलंय? मला तर ते एखाद्या बँकेचे निवृत्त मॅनेजर वाटले. त्यांचा आवाज मात्र शंभरात ओळखीन. मी आपला शिंपी माणूस, जाहिरातीतलं मला काय कळतंय. पण गिऱ्हाईक येतं ते ओळखीच्या गोष्टीपाशी.

मी ठीक आहे. दुकान चालू आहे. शेजारीण तुझी चौकशी करते आणि मी उगाच लांबलचक उत्तर देतो. कार्यक्रमाला नक्की येईन. एक दिवस दुकान बंद राहिलं तर कुणी उघडं फिरणार नाही.

तब्येतीची हेळसांड करू नकोस. माया आहेच.
दादा

२ ऑक्टोबर
ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

कार्यक्रम काल पार पडला. तुझं बोलणं मी मनावर घेतलं होतं. फोटो काढून टाकला, त्यांच्याकडून गोष्टीची सुरुवात वाचून घेतली आणि तेवढाच आवाज फोनवरून सगळ्यांना धाडला. खाली फक्त जागा आणि वेळ. लोकांनीच तो पुढे पाठवला. हॉल भरत आला तेव्हा मी दाराशी उभी राहून डोकी मोजत होते.

आणि मग निवेदकांचा आवाजच फुटेना. समोर माणसं पाहून त्यांनी पुस्तक मिटलं. मी धावत स्टेजवर गेले. ते माझ्या कानाशी म्हणाले की आयुष्यभर मी बंद खोलीत बोललो, एवढ्या तोंडांसमोर जमणार नाही. कागदावर यासाठी काहीच आखलेलं नव्हतं. मी हॉलचे सगळे दिवे घालवले, फक्त त्यांच्या टेबलावरचा ठेवला. जरा वेळ नुसती खुर्च्यांची कुरकुर. मग आवाज आला, दादा. थकलेला, पण तोच. अंधारात बायाबापड्या डोळे पुसत होत्या.

बाईंनी पास केलंय, एका कंपनीत कामालाही लावून देणार आहेत. निवेदकांना त्यांचा मुलगा घेऊन गेला, लोक हसतबोलत पांगले, आणि मी खुर्च्या मिटत बसले. तुझी पुढच्या रांगेतली खुर्ची शेवटी मिटली. दिवे घालवले तेव्हा वाटलं होतं, तू उशिरा येऊन मागे उभा असशील. परत लावले तेव्हा आधी दाराकडेच पाहिलं.

तब्येत बरी आहे ना? तेवढं कळव.
तुझी,
भिंगरी

११ ऑक्टोबर
चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तब्येत चांगली आहे. खोटं कारण सुचलं होतं, पण तुला ते लगेच कळलं असतं.

इस्त्रीचा सदरा घालून मी बसस्टँडवर गेलो होतो. बस लागली, माणसं चढली, कंडक्टरने दोनदा विचारलं. माझा पाय उचलला नाही. वाटलं, तिथे एवढ्या माणसांत तुला काम करताना पाहिलं की कळून चुकेल, ही आता परत येत नाही. न पाहता, ही चार दिवसांसाठी गेलीय असं धरून मला चालता येत होतं. बस सुटली आणि मी घरी येऊन सदरा खुंटीला लावला. तुला दाराकडे पाहायला लावलं, हे मात्र वाईट झालं.

तू दिवे घालवलेस ते शेजारणीला सांगितलं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकालाही सांगतोय.

महिन्याभरात तिकडे थंडी पडू लागेल. तुझी पांघरुणं अजून तुझ्या पलंगावरच होती. काल उन्हात घातली, उसवलेल्या कडा शिवल्या आणि गाठोडं बांधून पाठवलंय. सगळी पाठवलीत. इथे एकही ठेवलेलं नाही.

सुखी राहा. आठवण येईल तेव्हा चार ओळी टाक.
दादा