मागचं डावं चाक

२४ ऑक्टोबर २००१, बुधवार
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. लिहिलेलं परत वाचायचं नाही. ती गरज कच्च्या स्मरणशक्तीच्या लोकांना.

संकल्प : भाऊबिजेला दमयंतीला आपल्या फियाटमधून गंगापूरला तिच्या भावाकडे न्यायचं. अकरा वर्षं दर दिवाळीला हे ठरतं आणि दर दिवाळीला ती काळीपिवळीत कोंबून घेऊन जाते. यंदा तिनं निर्वाणीचं सांगितलंय. गाडी भाऊबिजेला गंगापूरला गेली नाही तर दुसऱ्या दिवशी भंगारात. सत्तावीस वर्षांची गाडी भंगार? आमच्या लग्नाला एकतीस झाली. मी कधी काही बोललो?

अडचण एकच. ब्रेक दाबला की मागचं डावं चाक किंचाळतं.

२५ ऑक्टोबर, खंडेनवमी
पडेगावचा कडूबा मिस्त्री सोमवारी येतो म्हणाला. वर फोनवर हुकूम : सायब, म्या येईस्तोवर डरम उघडू नका. वीस वर्षं माझ्या गाडीला हात लावतोय म्हणून मलाच शिकवतो! उघडला. सकाळी नऊ ते दुपारी दीड. अंगठा सुजलाय.

आज लोक पाने-पकडी पुजतात. मी ब्रेकच पुजला. ड्रममधल्या दोन स्प्रिंगा, दोन पिना आणि हँडब्रेकची पट्टी रॉकेलनं लख्ख धुतली, लाल कापडावर मांडली. हळदकुंकू, झेंडू, उदबत्ती. हे या शहरात दुसऱ्या कुणाला सुचलं नसेल.

२६ ऑक्टोबर, दसरा
पूजा उचलली. लाल कापडाची गाठ मारून देवघराच्या वरच्या फळीवर, समयांच्या मागे. स्वतःच्या हातानं ठेवली. दमयंतीला वस्तू जागच्या जागी ठेवायची शिस्त नाही.

सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, भाऊबिजेला गाडीनं चाललोय. समोरचा बद्रीनाथ हसला. लक्षात ठेवीन.

२९ ऑक्टोबर, सोमवार
चोरी! दिवसाढवळ्या!

कडूबा दहाला आला. मी आंघोळीला गेलो, वीस मिनिटं. बाहेर येतो तर म्हणतो, सायब, सामानच नाय तर बसवू काय? स्प्रिंगा नाय, पिना नाय, पट्टी नाय. तुमीच कुठं ठिवलं आसन, जरा याद करा. मी याद करू! छत्तीस वर्षं कचेरीचं रेकॉर्ड सांभाळलेल्या माणसाला हा सांगतो याद करा! डोकं फिरलं. सगळ्या गल्लीदेखत सुनावलं की गाडीजवळ तुझ्याशिवाय कुणी नव्हतं.

त्यानं मग आपली पिशवी आमच्या ओट्यावर ओतली, एकेक पाना वेगळा करून दाखवला. दोन्ही खिसे उलटे केले. बिडीचं बंडल, काडेपेटी, मळका रुमाल. सगळं परत भरलं आणि चहा न घेता गेला. मुरलेला चोर.

दमयंती म्हणते, त्यांची माफी मागा. चोराची?

१ नोव्हेंबर
शहागंजात जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार चाचा फार सज्जन. म्हणाला, हौ हौ, मिलेगा ना, परसों आव. बघा! याला म्हणतात धंदा. कडूबानं शिकावं.

३ नोव्हेंबर
परसों आव.

५ नोव्हेंबर
परसों आव. मी आवाज चढवला. चाचानं शांतपणे स्टूल पुढे केलं, पाणी दिलं आणि म्हणाला, कायकू गुस्सा करते साब, परसों आव ना.

८ नोव्हेंबर
दमयंतीनं विचारलं, सगळं घर एकदा शोधून पाहू का. मी खेकसलो. चोरीला गेलेली वस्तू घरात कशी सापडेल? ही साधी गोष्ट बायकांना कळत नाही. तरी तिच्या समाधानासाठी शिवणाची पेटी आणि पिठाचा डबा मीच तपासला. दोन्हीकडे नाही. म्हणजे कडूबावरचा आरोप सिद्ध.

११ नोव्हेंबर
चाचा गेला खड्ड्यात! रिक्षाच्या स्प्रिंगा आणल्या. स्प्रिंग ती स्प्रिंग. पिनांऐवजी खिळे वाकवले. पट्टी पत्रा कापून केली. मिस्त्री लोकांनी उगाच बाऊ करून ठेवलाय. उद्या फिटिंग.

१२ नोव्हेंबर, दुपारी सव्वातीन
स्प्रिंग जरा ताठ निघाली. पकडीतून सुटली, माझ्या कानाजवळून गेली आणि बद्रीनाथच्या आकाशकंदिलाच्या एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर. वसुबारसेलाच टांगायची घाई कुणी सांगितली होती? तो म्हणतो, आवो, लेकरू खाली उभं आसतं तर? लई झालं आता, बोलवा त्या मिस्त्रीला. सगळे फितूर आहेत.

दमयंती कपाळावर हात ठेवून ओट्यावर बसून राहिली. मला तेच लागलं.

१४ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
गाडी तीन चाकांवर आणि एका जॅकवर. तिची बॅग भरून दाराशी. आत भावासाठी शर्टपीस, वरती ओवाळणीचं तबक. मला विचारलंसुद्धा नाही. तिच्याकडे बघवत नाही, म्हणून दिवसभर कडूबाला शिव्या दिल्या. मनात.

१६ नोव्हेंबर, भाऊबीज, सकाळी सात
शेवटचा उपाय. चाचाकडे जातो. आज निश्चित परसों आहे.

साडेदहा (खिशातल्या पावतीमागे खरडलं, वही घरात; नंतर इथं उतरवलं)
परत आलो. चाचाचं दुकान बंद. घर बंद. गाडी नाही! जॅक ओट्यावर पुसून ठेवलेला. आता मात्र हद्द झाली. आधी पाच तुकडे नेले, आता अख्खी गाडी! पोलीस चौकीवर चाललोय. संशयित : कडूबा, राहणार पडेगाव.

दुपारी बारा
हवालदार निवांत. विचारतो, किल्ली कुठंय? म्हटलं, घरात, खिळ्याला. म्हणतो, मग जाऊन बघून या अगोदर.

खिळा रिकामा. टेबलावर ही रोजनिशी उघडी. पंचवीस आणि सव्वीस तारखेखाली लाल पेन्सिलीच्या रेघा. पुढच्या पानावर तिचं अक्षर : ‘रागावू नका, तुम्ही परत वाचत नाही म्हणून मी वाचली. गाठ फळीवरच होती. कडूबाभाऊंना फोन केला. यायला तयार नव्हते. मी रडले, तेव्हा आले. पाऊण तासात बसवून दिलं. पट्टीवरचं कुंकू त्यांनी पुसलं नाही, म्हणाले राहू द्या वैनी. पहिलं त्यांना ओवाळलं. आता तेच मला गंगापूरला सोडून येतायत. वरणाला फोडणी द्यायची राहिली आहे. एसटी दर तासाला असते.’

फळी पाहिली. समयांच्या मागे वाळलेला झेंडू.

संध्याकाळी साडेपाच, गंगापूर स्टँड
एसटीत जागा नव्हती. उभा आलो. वाळूजच्या पुढं उसाच्या गाड्या आडव्या आल्या, सगळं थांबलं. समोरून परतणारी माझी फियाट. कडूबानं ब्रेक दाबला. चाक किंचाळलं नाही. जिथल्या तिथं उभी राहिली.

त्यानं खिडकीतून मला पाहिलं. हात वर केला. मला करता आला नाही. एका हातात दांडी, दुसऱ्या हातात लाडवांचा डबा. डबा खाली ठेवता आला असता.

संकल्प : उद्या पडेगावला जाऊन त्याची माफी मागायची. गल्लीदेखत. गाडी घेऊनच जाणार होतो, पण किल्ली त्याच्या खिशात आहे.