समपाऊलचा जुना पत्ता

४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र शुक्रवारी हातात पडलं. इकडे सगळं ठीक आहे. हिचा खांदा बराच मोकळा झालाय. वरच्या फळीवरचा डबा आता स्वतः काढते आणि मला हात लावू देत नाही. माझंही बरं चाललंय.

फोन का करत नाही म्हणून तू रागावली आहेस. मी नुसतं ‘हॅलो’ म्हटलं की तू ‘आवाज असा का येतोय’ विचारतेस, आणि मग मला कारण शोधत बसावं लागतं. म्हणून पत्र.

मी दिवसभर करतो तरी काय, हे तुला शेजारणीला सांगता येत नाही म्हणतेस. तिला सांग, पाट्या विकतो. इंटरनेटवर दुकान मांडायचं तर आधी नाव लागतं. त्याला डोमेन म्हणतात. एक नाव एकालाच मिळतं. मी चांगलीशी नावं आधीच घेऊन ठेवतो, दरवर्षी त्यांची मुदत वाढवतो आणि कुणाला हवंसं झालं की विकतो. लॉन्ड्रीच्या वरची खोली, एक टेबल, खालून येणारी इस्त्रीची वाफ आणि तीनशे नावांची यादी. त्यातली बहुतेक कुणालाच नको असतात. ‘ताजी भाजी’ या नावावर मी सहा वर्षं बसलोय. ही म्हणते, एव्हाना ती सुकली असेल.

वर्कशॉप आवरायला घेतलंस हे वाचून कसंसं झालं. ते लाकडी साचे इतक्यात टाकू नकोस. प्रत्येकावर गिऱ्हाइकाची चिठ्ठी आहे, भाऊजींच्या अक्षरातली. एक पाय आखूड असलेल्या माणसासाठी बूट करणं सोपं नव्हे, पण मला त्यांचं शेवटचं काम फार आवडायचं. गिऱ्हाइकाला पॅसेजमधल्या फरशीवरून दहा पावलं चालायला लावायचे आणि स्वतः डोळे मिटून ऐकायचे. दोन्ही पावलांचा आवाज सारखा आला की म्हणायचे, ‘जा आता, कुठेही जा.’

चिमणीबद्दल लिहिलंस. ‘बाप गेल्याचं लेकीला कळवायचं तरी कुठे? तुझ्या कॉम्प्युटरवर सगळं सापडतं म्हणतात, तू शोध.’ बघतो. पण ती घर सोडून गेली त्याला नऊ वर्षं झाली. नंबर बदलला, कदाचित आडनावही बदललं असेल. फार आशा धरू नकोस.

रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस.

तुझा धाकटा


१९ मार्च

प्रिय ताई,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. इतर चौकशा आज राहू देत.

तू बाजारातल्या त्या नव्या बुटांच्या दुकानापाशी थांबलीस. काचेवर ‘समपाऊल’ लिहिलेलं पाहून आत गेलीस आणि काउंटरवरच्या बाईंना म्हणालीस की हे माझ्या नवऱ्याच्या वर्कशॉपचं नाव. त्यांनी तुला खुर्ची दिली, पाणी दिलं. तू लिहितेस, ‘कुणीतरी त्यांचं नाव जपलं. मला बरं वाटलं.’

ताई, कुणी जपलेलं नाही. ते मी विकलं.

बारा वर्षांपूर्वी भाऊजींसाठी ते नाव मीच घेतलं होतं. सुचवलं चिमणीने, तुला आठवत असेल, जेवता जेवता. नोंदणी मी माझ्याच खात्यात केली, कारण भाऊजींना त्यातलं काही कळत नव्हतं आणि मला कळतं याचा मला तोरा होता. दरवर्षी मुदतही मीच वाढवायचो. त्यांनी त्यावर आपली माहिती टाकली, ईमेलचा पत्ताही त्याच नावाने घेतला, बिलांवर छापला.

गेल्याच्या गेल्या वर्षी नोव्हेंबरात बुटांच्या एका बड्या कंपनीचा माणूस माझा जिना चढून वर आला. त्यांना नव्या दुकानांसाठी नेमकं हेच नाव हवं होतं. ताई, मी हा धंदा काढला तेव्हापासून सगळे मला हसत आलेत. हिच्या माहेरचे अजून ‘हल्ली काय करता’ असंच विचारतात. माझ्यासमोरच्या खुर्चीत इतकं मोठं गिऱ्हाईक कधी बसलं नव्हतं. त्याने विचारलं, नाव कुणाचं? मी म्हणालो, माझंच. कागदोपत्री ते खोटं नव्हतं.

मग मी तुमच्याकडे आलो. भाऊजींना सांगितलं की मुदत भरायची राहून गेली, नाव दुसऱ्या कुणीतरी उचललं, मी तुम्हाला दुसरं घेऊन देतो. मुदत राहिली नव्हती. मी ती भरलेली होती. भाऊजी उलट माझीच समजूत घालू लागले. ‘तुझ्यामागे व्याप किती, चालायचंच.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः स्टुलावर चढून दारावरच्या पाटीवरचं ते नाव खरवडलं. मी स्टूल धरून उभा होतो.

कंपनीने घोळ घालत घालत पुढच्या मे महिन्यात सौदा केला. हिला मी म्हणालो, यादीतलं एक जुनं नाव गेलं. त्या दिवशी तिने मला पहिल्यांदा विचारलं की हे काम नेमकं कसं चालतं. मी तिला सगळं समजावून सांगितलं, एवढी गोष्ट सोडून.

तुला राग येईल. येऊ दे. मी ऐकून घेईन. पण त्या दुकानासमोर पुन्हा उभी राहू नकोस, मला ते सहन होणार नाही. एवढंच होतं. बाकी काही नाही.

तुझा
धाकटा


७ एप्रिल

ताई,

हे पत्र घेऊन ही स्वतः तुझ्याकडे आली आहे. तिला शेजारी बसवून घे आणि तिच्यासमोरच वाच. तिला सगळं माहीत आहे. मी सांगितलं तेव्हा ती उठली आणि बॅग भरायला लागली. मला वाटलं, सोडून चालली. तर म्हणाली, ‘पत्र लिही. पोस्टाने पाठवू नकोस, मी नेते. ताईंनी हे एकटीने वाचायचं नाही.’

‘बाकी काही नाही’ असं मी लिहिलं होतं. बाकी होतं. खरं म्हणजे जे होतं ते बाकीतच होतं.

नाव गेलं असं सांगितलं त्या दिवशी भाऊजींनी मला दारापर्यंत सोडताना एकच प्रश्न विचारला होता. ‘जुन्या पत्त्यावर कुणी लिहिलं, तर त्या पत्राचं काय होतं?’ कुणी म्हणजे कोण ते त्यांनी सांगितलं नाही, मला सांगायची गरज नव्हती. चिमणीला ठाऊक असलेला तेवढा एकच पत्ता उरला होता, बिलांवरचा ईमेलचा. वर्कशॉपचा फोन तुम्ही ती गेल्यानंतर दोन वर्षांनी बंद केलात, घर आणि वर्कशॉप दोन्ही हलवलंत. मी म्हणालो, ‘परत जातं. लिहिणाऱ्याला कळतं की पत्ता चालू नाही.’

परत जात नव्हतं. नावाला किती लोक भेट देतात, किती टपाल येतं, हे कंपनीला दाखवायचं होतं, म्हणून मी तो पत्ता चालू ठेवून सगळं टपाल माझ्या पेटीत वळवलं होतं. बहुतेक जाहिरातीच यायच्या.

गेल्या वर्षी ११ फेब्रुवारीला सकाळी दहाच्या सुमारास तिचं पत्र आलं.

ते छापून सोबत ठेवलंय. आधी माझं वाचून संपव, मग ते उघड. तिने लिहिलं होतं की ती परदेशात पायांच्या एका दवाखान्यात बूट करते, प्रत्येक माप दोनदा घेते. की एक पाय आखूड असलेल्या त्या शाळेतल्या बाई आपला नवा बूट घालून जिन्यावरून पडल्या, त्यांचं मनगट मोडलं, ते वर्कशॉपमध्ये तिच्याच हातून त्या बुटाला चुकीच्या उंचीचा तळवा चढवला गेल्यामुळे, आणि ‘हिच्या हातात पुन्हा साचा देऊ नका’ असं बाबा चारचौघांत म्हणाले ते बरोबरच होतं. की तिला घरी यायचं आहे. शेवटी लिहिलं होतं, ‘तुम्हाला मला भेटायचं नसेल, तर उत्तर देऊ नका. मी समजून जाईन. पुन्हा त्रास देणार नाही.’

मी ते लगेच घेऊन धावत यायला हवं होतं. उठलोही होतो. चप्पल पायात घातली आणि मग मनात आलं, हे तुझ्याकडे कसं आलं, असं भाऊजी विचारतील. गुरुवारी कंपनीचा माणूस यायचा होता. म्हटलं, गुरुवार जाऊ दे. गुरुवारी तो आला नाही, पुढचा आठवडा म्हणाला. मग आठवडाभर पत्र का दडवलं, याचं उत्तर शोधायची पाळी आली. मग महिन्याचं. ताई, मला शंभर थापा मारता आल्या असत्या. तिने मलाच लिहिलं, असं सांगून पत्ता दिला असता तरी चाललं असतं. मला ते सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण ती बापाशी बोलली असती आणि जुन्या पत्त्याचा विषय निघाला असता. मी स्वतःला वाचवत बसलो.

याहून वाईट पुढे आहे.

एप्रिलमध्ये मी तुमच्याकडे आलो होतो. तू बाहेर गेली होतीस. भाऊजींनी मापांची जुनी वही काढून माझ्यासमोर ठेवली. त्या बाईंचं पान. ‘वाच,’ म्हणाले. मी वाचलं, तळव्याची उंची एकोणीस मिलिमीटर. ते म्हणाले, ‘मी अकरा लिहिलं होतं. माझाच एकचा आकडा नऊसारखा आलाय. पोरीने वाचलं तेच केलं.’ मग वही मिटून म्हणाले, ‘एवढं तिला सांगायला हवं. ती लिहील तेव्हा सांगीन.’

तिने लिहून दोन महिने झाले होते. ती तिकडे चूक आपली म्हणत होती, हे इकडे चूक आपली म्हणत होते, आणि दोघांचं ऐकलेला मी एकटा समोर बसून तू जाताना करून ठेवलेला चहा पीत होतो. मी म्हणालो, ‘लिहील हो.’

मे महिन्यात नाव विकलं. नोव्हेंबरमध्ये भाऊजी गेले. त्या दिवशी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये तू माझी बाही धरून म्हणालीस, ‘तिला कळवायचं कुठे रे?’ तिचा पत्ता तेव्हा माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता. मी ‘बघू’ म्हणालो. तू बाही सोडलीस आणि माझ्या पाठीवरून हात फिरवलास.

मागचं पत्र पोस्टात टाकून परत आलो आणि खोलीत बसवेना. अर्धं सांगून मोकळं व्हायला निघालो होतो, उलट जड झालं. २२ मार्चला मी चिमणीला लिहिलं, काही न वगळता. बाप गेल्याचंही त्यातच लिहावं लागलं. तीन दिवस उत्तर नाही. चौथ्या दिवशी फोन आला. आवाज अगदी तुझ्यासारखा आहे आता.

तिने नमस्कार वगैरे काही केला नाही. विचारलं, ‘मामा, बाबांनी ते पत्र वाचलंच नव्हतं? एवढंच सांग.’

मी म्हणालो, ‘नाही. त्यांना ते आल्याचंही कळलं नाही.’

वर्षभर ती धरून चालली होती की बापाने वाचलं आणि उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. मग मी घाईघाईने वहीचं सांगायला लागलो, अकरा आणि एकोणीसचं. मला वाटलं, तिला हलकं वाटेल. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘हे तू सांगायचं नव्हतंस. हे त्यांनी सांगायचं होतं.’



तुझा नंबर मी तिला दिला आहे. पण तिने अट घातली. ‘आधी आईला तू स्वतः सांग, सगळं. मग मी फोन करीन. तिला हे माझ्याकडून कळायला नको. ते काम माझं नाही.’ म्हणून हे पत्र. रविवारी सकाळी दहा वाजता ती फोन करणार आहे. तिला पाच वर्षांची मुलगी आहे, एवढं मला कळलं. नाव मी विचारलं नाही. ते तूच विचार.

ती वही सापडली तर तेवढी नीट ठेव.

त्या कंपनीकडेही गेलो होतो, नाव परत देता का विचारायला. तो माणूस माझ्याशी सभ्यपणे बोलला, त्या नावाचे बुटांचे खोके छापून झालेत म्हणाला. लॉन्ड्रीवरची खोली या महिन्याअखेर सोडतोय. याचं कौतुक करू नकोस, आणि ही प्रायश्चित्ताची भाषा आहे असंही समजू नकोस. मला तिथे बसवत नाही, इतकंच.

माफी मागणार नाही. मागितली तर तू देशील, माझ्या ओळखीची आहे तुझी सवय. लहानपणापासून माझ्या प्रत्येक भानगडीत तू मला पाठीशी घातलंस, आईसमोर, शाळेत, भाऊजींसमोरसुद्धा. या वेळी घालू नकोस. रविवारी फोन वाजला की आधी लेकीचं ऐक. माझा विषय तिच्यासमोर काढायचा की नाही, मला पुन्हा दारात उभं करायचं की नाही, हे नंतर केव्हाही ठरव. घाई नाही. मी इथेच आहे.

तुझ्या लेकीचं पत्र दडवणारा,
तुझा भाऊ