धाकटीचे गाऊन

धाकटीच्या आईस अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. महिनाभरातलं चांगलं तेवढंच कळवा म्हणालीस, तर तेच कळवतो.

परवा आपल्या लेकीने वाटीभर भात खाल्ला आणि तो पोटात ठरला. दवाखान्याची वाट आता मला एकट्याला सापडते. जावईबापूंनी माझ्यासाठी शेजारणीची शिलाई मशीन मागून आणली. तू रक्तदाबाची गोळी घेतेस ना? मागच्या दाराला कडी लावतेस ना?

मशीन आली तशी तिचे गाऊन बाजूने टीप मारून पुन्हा आत घेतले. धुऊन धुऊन कापड सैल पडलंय, असं तिला सांगितलं. तर म्हणते, "बाबा, शिंप्याच्या पोरीला थापा मारता होय? कापड आहे तेवढंच आहे, आतलं माणूस आटलंय!" आणि खळखळून हसली. किती दिवसांनी हसली गं! जावईबापू मात्र उठून गॅलरीत गेले.

जादा कापड मी कापलेलं नाही, आत दुमडून ठेवलंय. अंगाने भरली की टीप उसवून देईन.

चांगलं होतं ते लिहून संपलं. डॉक्टर काय म्हणतात ते तू विचारलं नाहीस, मीही लिहीत नाही. तुझे गुडघे, एवढा लांबचा प्रवास, सगळं मला कळतं. तरी ये. काल ग्लानीत ती "आई, आई" करत होती. शेवटी मीच ओ दिली.

धाकटीचे बाबा