तिसरी वही

१२ जानेवारी

प्रिय छोटे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि पार्सल दोन्ही धडपणे पोचली. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण ती त्यांची जुनीच सवय. औषधांची यादी मागू नकोस. तू निवृत्त झालीस, आता भावाला पेशंट करून हौस भागवायची नाही.

तू पाठवलेलं प्रवासवर्णन संपवलं. गृहस्थ बारा देश फिरले आणि बाराही ठिकाणी त्यांना स्वतःच भेटले. डोंगर दिसला की 'भव्य', नदी दिसली की 'अवखळ'. विशेषणं घरूनच बांधून नेली असावीत. तुला हे आवडलं? आपलं कधी जमलंय म्हणा! तू माणसं पाहून वाचतेस, मी वाक्यं पाहून. पार्सलमधला कथासंग्रह अजून उघडलेला नाही, त्यामुळे त्याच्यावर तुला या महिन्यात माझ्याशी भांडता येणार नाही.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या पाचही वह्या मिळाल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी माझी बहीण आईवर कादंबरी लिहिते आणि मला अखेरपर्यंत पत्ता लागू देत नाही! प्रकाशकबाईंनी ती घ्यायचं ठरवलंय, पण तू त्यांना 'दादाने वाचल्याशिवाय हो म्हणणार नाही' असं कळवलंस, हेही वाचलं. एवढा भार माझ्यावर टाकू नये गं. दुसरी प्रत काढली नाहीस, हाही वेडेपणाच. बरं, सावकाश वाचतो.

अक्षर तिरपं गेलंय, ओळी उतरल्यात. नवं पेन चांगलं नाही.

तुझा,
दादा


३ मार्च

प्रिय छोटे,

अनेक आशीर्वाद. उशीर झाला म्हणून रागावली असशील. तुझ्या मागच्या पत्रातला प्रश्न पोचला : 'तिसऱ्या वहीबद्दल काहीच कसं लिहिलं नाहीस?' वह्या वाचल्या. लिहायला हात धजत नव्हता, म्हणून थांबलो.

स्पष्टच सांगतो, कारण पस्तीस वर्षं प्रुफं तपासताना मी कुणाची भीड धरली नाही आणि तुझी धरली तर तुलाच आवडणार नाही. पहिल्याच पानावर 'हळूहळू' चार वेळा आलंय. वाक्यं लांब, एकात दुसरी अडकलेली. आपली आई आपल्याला थोर, पण परक्या वाचकाला तिचं काय? घरातलं दुःख घरातल्या भाषेत लिहिलं की डायरी होते, कादंबरी नाही होत. तिसरी वहीही त्याच वळणाची वाटली. वेगळं असं काही नाही.

तू उत्तम नर्स होतीस. उत्तम वाचकही आहेस. प्रत्येकाने लिहायलाच हवं असं कुठे आहे?

प्रकाशकबाईंना काय कळवायचं ते तू ठरव. माझं मत विचारलंस, मी दिलं. कथासंग्रहाबद्दल पुढच्या पत्रात. थंडी कमी झाली, पण तुझ्या खोकल्याकडे लक्ष दे.

तुझा,
दादा


२१ मे

छोटे,

काल फोनवर तू शांतपणे म्हणालीस, "दादा, आता परत लिहिणं माझ्याने व्हायचं नाही." मी म्हटलं, "प्रयत्न तर कर." तू म्हणालीस, "त्या अकरा दिवसांचं लिहायला मला एकवीस वर्षं लागली. आता तेवढी कुठून आणू?" आणि मग माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीस. मी फोन केला होता एक गोष्ट सांगायला, आणि तुला गुडघ्यांचं सांगून ठेवून दिला. तोंडाने सांगवत नाही. म्हणून पुठ्ठ्यात ओळीएवढी फट कापून, ती कागदावर सरकवत हे लिहितोय. शब्द एकमेकांवर चढले असतील तर माफ कर. मला ते तपासता येणार नाहीत.

मला दिसत नाही, छोटे. अगदीच अंधार नाही. नजर जिथे रोखावी तिथेच राखाडी डाग, कडेकडेचं तेवढं दिसतं. दाराची चौकट दिसते, दारात उभा माणूस दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात सुरू झालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले आणि सांगितलं, जे गेलंय ते परत येणार नाही, राहिलंय तेही जाईल. मी खाली उतरलो आणि बाकावर बसून राहिलो. तुला त्याच दिवशी कळवायला हवं होतं. पण काय लिहायचं? 'वाचणारा दादा संपला' असं? तू सहा वर्षांची असताना मी तुला अक्षर ओळखायला शिकवलं. माझ्याकडे दुसरं होतंच काय!

त्या प्रवासवर्णनाच्या मलपृष्ठावरचा मजकूर शेजारच्या शिक्षिकाबाईंकडून वाचून घेतला होता. बाकी सगळं पदरचं. कथासंग्रह तसाच आहे. तुझी पत्रं मोठ्या अक्षरात असतात, म्हणून भिंगाखाली एकेक शब्द धरून वाचायचो. फेब्रुवारीच्या पत्राला दोन दिवस लागले.

वह्यांत मात्र तू मुंगीएवढं अक्षर काढलंस. पहिलं पान मी चार दिवस घेऊन बसलो. 'हळूहळू' दिसलं, ते पुनःपुन्हा दिसलं, कारण मी त्याच ओळीवर पुनःपुन्हा येत होतो. चार वेळा आहे की एकदाच, हे मला आजही माहीत नाही. तिसरी वही ड्रॉवरमध्ये वेगळी काढून ठेवली, तू तिचं विशेष विचारलं होतंस म्हणून. तिचं एक वाक्यही लागलं नाही. मग मी काय केलं ते तुझ्याकडे लिहून आलेलंच आहे. ती टीका नव्हती. कुठल्याही हौशी लेखकाला चिकटवता येईल असा मजकूर होता तो, छापखान्यात मालकांसाठी मी असे नकार शेकड्याने लिहून दिलेत. तुझं कौतुक करून मोकळा झालो असतो तर काय बिघडलं असतं? पण खोटं कौतुक तू ओळखलं असतंस. दहा प्रश्न विचारले असतेस. वाईट म्हटलं की माणूस पुढे विचारत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तुझं एप्रिलचं पत्र मी शिक्षिकाबाईंकडे नेलं. चष्मा दुरुस्तीला दिलाय असं सांगितलं. त्यांनी मोठ्याने वाचलं : 'दादा, तुझं म्हणणं पटलं. प्रकाशकबाईंना नको म्हणून कळवलं. तिसऱ्या वहीचंही समजलं. वह्या परत पाठवू नकोस, घरात नको आहेत मला. रद्दीत दे.' बाईंनी पत्राची घडी करून परत दिलं. मी मात्र सुटलो असं वाटलं मला. खरंच सांगतो, सुटलो असं वाटलं. दोन दिवसांनी रद्दीवाला आला, त्याला वर्तमानपत्रांबरोबर वह्याही दिल्या.

ड्रॉवरमधली राहिली. गेल्या सोमवारी शिक्षिकाबाई वीजबिल शोधून द्यायला आल्या आणि ती त्यांच्या हाताला लागली. "ही कुणाची?" म्हणाल्या. मी म्हटलं, "बहिणीची." त्यांनी उभ्या उभ्याच एक पान वाचलं, मग खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "काका, हे तुम्ही वाचलंय?"

मी म्हटलं, "नाही."

एवढा एक शब्द मला वर्षभर म्हणता आला नव्हता.

त्यांनी ती वही सलग वाचून दाखवली. आईचं अंग पुसताना तू तिच्याशी रेडिओवरच्या बातम्यांबद्दल बोलतेस, तिला लाज वाटू नये म्हणून. तिची बांगडी मनगटावरून कोपरापर्यंत सरकते, तेव्हा तू ती परत खाली आणतेस, पुन्हा सरकते, पुन्हा आणतेस, आणि त्यावर एका शब्दानेही भाष्य करत नाहीस. हे कुठून शिकलीस? मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं चाळत बसलो आणि असं वाक्य माझ्या हाताखालून कधी गेलं नाही.

आणि मग आईचे ते शेवटचे अकरा दिवस. आई रोज विचारते, "आला का?" आणि तू रोज म्हणतेस, "निघालाय."

मी तुला तेव्हा सांगितलं होतं की छापखान्यात कुणी निरोप दिलाच नाही. वहीतून कळलं, तुला पहिल्यापासून खरं माहीत होतं. छापखान्यातल्या कारकुनाने तुला सांगितलं होतं की तुझी चिठ्ठी माझ्या हातात दिली, मी वाचली आणि खिशात ठेवली. एकवीस वर्षं तू मला पुस्तकं पाठवत राहिलीस, माझ्याशी विशेषणांवरून भांडत राहिलीस, आणि हे एकदाही काढलं नाहीस. वहीतही रागाचा शब्द नाही. बाई वाचता वाचता थांबल्या. मीच म्हटलं, "वाचा."

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन रद्दीच्या दुकानात गेलो. दुकानदार चांगला माणूस. त्याने पोती उपसून दाखवली, बाईंनी एकेक गठ्ठा सोडून पाहिला. माल दर शनिवारी कागदाच्या कारखान्यात जातो. कारखान्यात फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "साहेब, त्याचा लगदा होऊन पुठ्ठाही निघाला असेल."

प्रकाशकबाईंनाही फोन केला. तुझा नकार आल्यावर त्या दुसऱ्या पुस्तकाकडे वळल्यात. आणि आता काय दाखवणार त्यांना? पाचातली एक वही?

तरी ती या पत्रासोबत रजिस्टर पोस्टाने पाठवतोय. ठेव किंवा टाक. तू मला मत विचारलं होतंस ते आता देतो, कान देऊन ऐकलेल्या एका वहीपुरतं. कुठेही काटछाट करू नकोस. लांब वाक्यं लांबच हवीत, रात्रंदिवस जागणाऱ्या बाईचा श्वास आहे तो.

फक्त एका ठिकाणी दुरुस्ती आहे. तू लिहिलंयस, 'दादाला रजा मिळाली नसेल.' हे चूक. मालकांनी चिठ्ठी पाहिली होती. म्हणाले होते, "अहो, निघा, शब्दकोश कुठे पळत नाही." मीच म्हटलं, एवढा सोळा पानांचा फर्मा तपासून संपवतो. तो संपला, मग दुसरा घेतला. आई मरताना मला बघायची नव्हती. तुला ती रोज बघावी लागत होती, हे मला माहीत होतं. तरीही नाही आलो.

उत्तर लिहिलंस तर ते शिक्षिकाबाईच वाचून दाखवतील. तेव्हा जे फक्त मला सांगण्यासारखं असेल, ते आता लिहू नकोस. तुझ्या हातचं तेवढं वाचायचा मार्गही मी बंद करून घेतलाय.

न वाचताच तुला लिहायचं थांबवणारा,
दादा