गाडी खाली घ्यायला हो म्हण

सुलतानपूर
२ ऑगस्ट

चि. गोकुळ यास छायाताईचे अनेक आशीर्वाद.

तू, प्राची आणि तुझं गॅरेज, तिघंही खुशाल असाल. सोबत राखी पाठवते आहे. या वर्षी साधा रेशमी दोराच घेतला. मागच्या वर्षीचा गोंडा ग्रीसमध्ये बरबटला म्हणून तू दुसऱ्याच दिवशी काढून ठेवलास, हे तुझ्या बायकोनं मला सांगितलं आहे. कुंकू आणि अक्षता पुडीत आहेत.

इकडे सगळं ठीक. सोयाबीन फुलावर आहे. समीक्षाला चौथीत गेल्यापासून शिंगं फुटली आहेत, परवा आजीलाच पाढे विचारत होती. फोन असताना ताई पत्र काय लिहीत बसली, असं म्हणशील. पण तू फोन स्पीकरवर टाकून नट आवळत बोलतोस आणि अर्धं शेगाव ऐकतं. इकडे माझा फोन वाजला की सासूबाई टीव्हीचा आवाज कमी करतात. राखीच्या पाकिटात पत्र आलं तर कुणी काही विचारत नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या भाऊजींनी तुला गाडी खाली घ्यायचं विचारलं आणि तू साफ नाही म्हणालास. त्या दिवसापासून माणूस तोंड पाडून बसला आहे. रात्रंदिवस फोनमध्ये तेच बघणं चालू असतं. स्प्रिंगा बदलल्या की गाडी दोन इंच कशी खाली बसते, चाकं कशी भरल्यासारखी दिसतात. आधी मीच त्यांना टाकून बोलले, की चाळिशी आली, जिल्हा परिषदेचे मास्तर आहात, पोरांसारखं काय करता. पण आता मला वाटतं, करू दे. माणसाला तंबाखू नाही, पत्ते नाहीत. एक हौस आहे तर आपण आडवं का जायचं?

तू हो म्हण. तुझ्या शब्दावर ते उठतात-बसतात.

एक सहज विचारते. खाली घेतलेल्या गाडीत किती माणसं चालतात? म्हणजे मागची सीट भरली तर काय होतं? यांच्या गाडीत रोज चौघं असतात म्हणून विचारलं. बाकी काही नाही.

मी पत्र लिहिल्याचं यांना कळू देऊ नकोस. तुझंच मन बदललं असं वाटू दे.

तुझी,
छायाताई


सुलतानपूर
११ ऑगस्ट

चि. गोकुळ यास आशीर्वाद.

बिलबुकाच्या पाठीमागे लिहिलेलं तुझं उत्तर मिळालं. ऑइलच्या बोटांचे ठसे आहेत, पण अक्षर अजून चांगलं आहे. तू लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं: "ताई, हौसेची गाडी असती त मी कालच करून देली असती. पण भाऊजीची रोजची गाडी हाय. रस्त्यानं गावागावात ब्रेकर. चार माणसं बसली की मागून दबते अन् पोट घासते. खालचा ऑइलचा चेंबर फुटला त इंजिन जाते. दोघांपुरती चालून जाईन, चौघांले नाही. तू काऊन मांगं लागली, खरं सांग."

मला हेच हवं होतं, गोकुळ. चौघांना चालणार नाही, हेच.

आता खरं विचारलंस म्हणून लिहिते. वाचून फाडून टाक, प्राचीलासुद्धा दाखवू नकोस.

यांची शाळा दुसरबीडच्या पुढे. सुलतानपूरहून चौघं जण यांच्या गाडीनं अपडाउन करतात. हे, तुळशीराम सर, गजेंद्र सर, आणि जूनपासून बदलून आलेल्या पूनम मॅडम. तुळशीराम सर सगळ्यांत वडील, दोन वर्षांनी निवृत्त होतील. रीतीप्रमाणे पुढची सीट त्यांची होती. आता तिथे पूनम मॅडम बसतात. का, तर त्यांना मागे बसलं की मळमळतं.

मळमळतं! मला लग्नाच्या आधीपासून मळमळतं. लग्नाच्या वरातीत मी जीपच्या मागे बसून लिंबू हुंगत आले, तू होतास सोबत. या गाडीतही मी मागेच बसते, कारण पुढे सासूबाई. रुमालात वेलदोडे बांधून ठेवते आणि गुमान खिडकीबाहेर बघते. अकरा वर्षांत या माणसानं मला एकदाही विचारलं नाही, की तुला काही होतं का. आणि तिचं त्यांना आठ दिवसांत कळलं.

ती दिसायला काही विशेष नाही. खोटं कशाला लिहू, बरी आहे. सुती साड्या नेसते, केस मोकळे सोडत नाही, मला बघून हात जोडते. तेवढ्यानंच माझं डोकं उठतं. वाईट वागली असती तर मला सोपं गेलं असतं.

मागच्या रविवारी सासूबाई आल्या नाहीत म्हणून मी पुढे बसले. सीट इतकी मागे रेललेली, की माझे पाय अधांतरी. समोरचा छोटा आरसा उघडा. यांनी हात घालून तो मिटला आणि म्हणाले, "मॅडम टिकली नीट करते उतरतांनी." साधं सांगितलं. मी रस्ताभर बोलले नाही, तर त्यांना तेही कळलं नाही.

आणि हसणं. संध्याकाळी गाडी स्टँडवरून आमच्या गल्लीत वळते तेव्हा कधीकधी मी दारातच असते. तिघांना उतरवून येताना या माणसाच्या तोंडावर हसणं उरलेलं असतं. अंगणात येईपर्यंत ते संपतं. मग बूट काढतात आणि विचारतात, "पाणी आलं का आज?"

मी जळते, गोकुळ. दुसरा शब्द नाही. भाजी निवडताना जळते, समीक्षाची वेणी घालताना जळते. सकाळी साडेनऊला घड्याळाकडे बघते आणि मनात म्हणते, आता बीबी गाव आलं असेल, आता पुढे गेले असतील, आता ती काहीतरी बोलली असेल.

तू म्हणशील, भाऊजींना सरळ विचार. विचारलं तर ते म्हणतील, "तुले शंका येऊन राह्यली का?" हो म्हटलं की जन्मभर मी संशयी बाई. नाही म्हटलं तर विचारलं कशाला? म्हणून हा रस्ता. गाडी चौघांची राहिली नाही की अपडाउन आपोआप मोडेल. ज्यानं त्यानं आपली एसटी बघावी. कुणाला काही बोलावं लागणार नाही, आणि यांची हौसही होईल.

पुढच्या रविवारी आम्ही दर्शनाला येतो आहोत. मंदिरात जाताना गाडी तुझ्याकडे लावू. तेव्हा हो म्हण आणि करून टाक. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही.

तुझी,
छायाताई


सुलतानपूर
१६ सप्टेंबर

गोकुळ,

आज खुशाली विचारत नाही, कारण पुढे वाचशीलच.

त्या रविवारी आम्ही दर्शनाच्या रांगेतून परत आलो तेव्हा गाडी खाली झालेली होती. हे तिच्याभोवती फिरून फिरून बघत होते, समीक्षाच्या वयाचे झाले होते. तू एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस. चावी देताना यांना फक्त म्हणालास, "भाऊजी, चौघं नका बसवू." मला तेव्हा आनंद झाला, हे कबूल करते.

सोमवारी पहिल्याच ब्रेकरला गाडी घासली. यांनी तुळशीराम सरांना आणि गजेंद्र सरांना उतरायला लावलं. ते पायी ब्रेकर ओलांडून परत बसले. असं जाताना पाच वेळा, येताना पाच वेळा. गजेंद्र सर अंगानं भरदार आहेत, त्यांना चढ-उतर करून घाम फुटला. दोन दिवस हसण्यावारी गेलं. तिसऱ्या दिवशी तुळशीराम सर यांना म्हणाले, "भागवत, या वयात आता मी तुह्या गाडीसंगं पायी नाही चालत." ते एसटीनं जाऊ लागले. गजेंद्र सरांनी मोटारसायकल काढली.

राहिली कोण?

दोघांपुरती चालून जाईल, हे तूच लिहिलं होतंस आणि मी ते चार वेळा वाचलं होतं. वाचताना ते दोघं कोण, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मला वाटलं होतं सगळे उतरतील. यांना वाटलं, मॅडमचं वजन काय ते, त्यांना एसटीत त्रास होतो, त्यांना कशाला उतरवायचं. यात त्यांना काही वावगं दिसलं नाही. आधी चौघं असायचे तेव्हा कुणी बोलत नव्हतं. आता दळण आणायला गेले तर गिरणीवरच्या शालूबाईनं विचारलं, "काऊन वं छाया, आता दोघंच जातेत का?" माझ्याच हातानं मी बाकीच्या दोघांना गाडीतून काढलं आणि यांना नि मॅडमला एकटं बसवलं. चार दिवस मला जेवण गेलं नाही.

परवाच्या शनिवारी सकाळची शाळा होती. मी यांच्याआधी तयार होऊन गाडीत पुढे जाऊन बसले. म्हटलं, "मले दुसरबीडले सोडून द्या, बेबीताईकडं जायचं हाय." बेबीताई म्हणजे यांची आतेबहीण. हे म्हणाले, "बरं." एवढंच.

स्टँडवर मॅडम उभ्या होत्या. मला पुढे बघून त्यांनी मागचं दार उघडलं. मी जिंकल्यासारखी बसले होते. तुझ्यापाशी खोटं बोलून काय करू, फार बरं वाटत होतं.

बीबीच्या पुढे गेलो तेव्हा हे वरच्या आरशात बघायला लागले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा गाडी बाजूला घेतली. मॅडम उतरल्या आणि रस्त्याच्या कडेला बसून ओकल्या. ढोंग नव्हतं रे. चेहरा पांढराफटक. मीच त्यांना पाणी दिलं, मीच पाठीवरून हात फिरवला आणि मीच म्हटलं, "तुम्ही पुढं बसा." त्या नको नको म्हणत होत्या.

मग मी मागे आणि ते दोघं पुढे. मला वाटलं, आता कळेल काय बोलतात. काही नाही. शालेय पोषण आहाराचा तांदूळ, कुणाचा तरी पगार अडकला, केंद्रप्रमुखांचा दौरा. पण प्रत्येक ब्रेकरच्या आधी त्या हळूच म्हणायच्या, "सर, हळू." आणि हे म्हणायचे, "हाव, पाह्यला." त्यांना तो सगळा रस्ता पाठ आहे. कुठे खड्डा, कुठे ब्रेकर, कुठे कुत्रं आडवं येतं. अकरा वर्षांची बायको मी, आणि माझा नवरा रोज ज्या रस्त्यानं जातो त्यातला एकही ब्रेकर मला माहीत नाही. तेवढ्या दोन शब्दांसाठी मी तिच्या जिवावर उठले असते.

दुसरबीडच्या अलीकडे एक उंच ब्रेकर आहे. गाडी थांबली. यांनी मान मागे वळवली आणि म्हणाले, "छाया, उतर बरं जरा. मागून दबून राह्यली."

मॅडम लगेच म्हणाल्या, "मी उतरते, सर."

"तुमी बसा. तुमाले बरं नाही."

मी उतरले. चप्पल घालून त्या ब्रेकरवरून पायी चालत गेले. गाडी माझ्यापुढे सावकाश चढली आणि उतरली, कुठे घासली नाही. तुझं काम चोख आहे. मागच्या काचेतून मला दोन डोकी दिसत होती. बोलत नव्हती, एकमेकांकडे बघतही नव्हती. पुढे जाऊन गाडी थांबली आणि यांनी हॉर्न वाजवला, मी लवकर यावं म्हणून.

बेबीताईकडे मी दिवसभर कांदे चिरत बसले, म्हणजे कुणी काही विचारणार नाही.

त्यांच्यात काही आहे का, मला आजही माहीत नाही. बहुतेक नसेल. पण मला आता त्या बाईची भीती वाटत नाही, मला माझी वाटते. मी तुझ्यासारख्या सरळ कारागिराकडून नको ते काम करून घेतलं. नवऱ्याच्या गाडीखाली स्प्रिंगा बदलल्या, पण त्याला तोंडानं एक प्रश्न विचारला नाही.

आता विचारणार आहे. रविवारी आम्ही दोघं शेगावला निघतो आहोत. समीक्षा आजीजवळ राहील. गाडी वर घ्यायची आहे, हे मी यांना आत्ता सांगितलेलं नाही. मेहकर मागे पडलं की सांगेन. खाली घ्यायला मीच लावली, का लावली, आणि त्या दिवशी ब्रेकरवर मला काय झालं, सगळं सांगेन. पुढच्या सीटवर बसून सांगेन. मग त्यांनी संशयी म्हणावं, वेडी म्हणावं, काय म्हणायचं ते म्हणावं. आणि त्यांच्या मनात काही असेल तर तेही त्यांनी माझ्या तोंडावर सांगावं.

जुन्या स्प्रिंगा तू भंगारात दिल्या नसशील, तर काढून ठेव. आम्ही दोघं गाडीनं आलो तर काही न बोलता त्या बसव. आणि मी एकटीच एसटीनं आले, तर स्टँडवर मला घ्यायला ये. भाऊजी कुठे आहेत, हे मात्र विचारू नकोस.

तुझ्याकडून खोटं काम करून घेतलेली,
तुझी ताई
छाया