कडू दोडकीचं पिवळं पाणी

बुध. ४ ऑगस्ट १९३७
वहिनीला कावीळ. त्यात पोटुशी, सहावा महिना. डॉ. म्हणाले, विश्रांती, पेज, खडीसाखरेचं पाणी; अन्न पोटात टिकलंच पाहिजे. आईने तरी गल्लीतल्या गोदाबाईंना बोलावलं. त्या कावीळ नाकातून काढतात. वाळलेली कडू दोडकी रात्रभर भिजवून, गाळून, नाकपुडीत दोन-दोन थेंब. असे तीनदा.

गुरु. ५
पहिले थेंब. दुपारपर्यंत वहिनीच्या नाकातून पिवळं पाणी. आई शेजारणींना बोलावून दाखवते आहे. गोदाबाई म्हणाल्या, “पाह्य, कावीळच उतरून राहिली.” पण वहिनीचं डोकं ठणकतंय, पेज दोनदा उलटली. मी विरोध केला तर गोदाबाईच म्हणाल्या, “काय वं, बी.एस्सी. झाली म्हणून कावीळ तुले विचारून उतरते का?” बाबाही हसले.

शुक्र. ६
मी शाळेत शिकवायला गेले तेवढ्यात दुसरे थेंब दिले. वहिनीच्या पोटात आज काहीच टिकलं नाही. शनिवारी औषध चालत नाही, म्हणून तिसरे रविवारी. म्हणजे मला एक दिवस मिळाला.
ते पाणी काविळीचं, की दोडकी झोंबल्यामुळे आलेलं? निरोगी नाकात कुणी टाकून पाहिलंय? उरलेलं औषध वाटीत आहे.

शनि. ७
सकाळी आईसमोरच ते माझ्या नाकात टाकलं. आग, शिंका, डोळ्यांतून धारा. तासाभराने पिवळं पाणी! पंचा भिजला. आणि मला तर कावीळ नाही, डोळ्यांत पिवळेपणाचा अंशही नाही. गोदाबाईंना बोलावून दाखवलं. पंचा पाहिला, शांतपणे म्हणाल्या, “म्हणजे तुलेही होती. आत लपून होती. बरं झालं, निघाली.”

वहिनी मात्र हळूच म्हणाली, “वन्सं, माझं लेकरू आत उपाशी आहे.”
त्या दोडकीत काय द्रव्य आहे ते माझ्या कॉलेजातल्या सरांना विचारणार. आधी तिसरे थेंब थांबवायचे.

रवि. ८
गोदाबाई तिसरे थेंब घेऊन आल्या. मी वहिनीच्या दारात बसले होते. म्हटलं, आधी तुमच्या नाकात.
“मले काहून? मी तं धडधाकट.”
“म्हणूनच.”
  गोदाबाई पाटावर बसल्या, मान मागे टाकली. “टाक.”
टाकले. दोन-दोन थेंब.
आता अंगणात शिंकताहेत, पांढरं फडकं हातात. फडकं पिवळं झालं का, ते आई सारखी जाऊन बघते. मी गेलेली नाही. वहिनीने आतून कडी घातली आहे. चमचा पेजेच्या वाटीला लागल्याचा आवाज येतो आहे.